कुलपातलं ब्रेक ऑइल

डोलोन खिंड ओलांडून गाडी नारिनच्या बाजूला उतरत होती. मी पुढच्या सीटवर बसून कुरुताचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, खारट खडा चघळत होते. मागे एक नवरा-बायको आणि मांडीवर मांसाची पिशवी घेतलेली एक म्हातारी. चौथ्या वळणाच्या आधी गाडी चालवणाऱ्या सोरोनकुल बायकेंनी, म्हणजे सोरोनकुल दादांनी, ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट तळाला गेला. त्यांनी पुन्हा दाबला. मग भराभर चार-पाच वेळा दाबला. गाडी काही ऐकेना. त्यांनी गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, त्यांनी हँडब्रेक ओढला आणि रस्त्याच्या कामासाठी कडेला टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडीचं नाक खुपसलं.

म्हातारीची पिशवी माझ्या खांद्यावरून पुढे येऊन पडली. बाकी कुणाला काही लागलं नाही.

दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर त्याने आधी देवाचं नाव घेतलं असतं, नाहीतर शिव्या तरी घातल्या असत्या. बायके खाली उतरले, बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बुरूल, सकाळी स्टँडवर गाडीजवळ कोण कोण होतं?"

"मला काय माहीत, बायके? मी चहा पीत होते."

"कुठे?"

"तुमच्याच गाडीला टेकून."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी एकोणीस वर्षं राहते. दर शुक्रवारी आईला भेटायला त्यांच्याच गाडीने नारिनला जाते. तरी त्या क्षणी त्यांच्या मनात माझं नाव एका यादीत चढलं, हे मला स्पष्ट दिसलं.

अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा ब्रेक दाबून पाहिला. दगडासारखा घट्ट. जणू काही झालंच नव्हतं. ब्रेक मोडला असता आणि मोडलेलाच राहिला असता, तर बायकेंना एवढा त्रास झाला नसता. मोडतो आणि आपोआप बरा होतो, म्हणजे यामागे माणूस आहे, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

त्यांचा स्वभाव असा का, ते कोचकोरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. सामूहिक शेतीच्या काळात बावीस वर्षं ते लोकर केंद्रावर मापाडी होते. उन्हाळ्यात मेंढपाळ कातरलेली लोकर पोत्यांत कोंबून आणायचे, बायके ती तोलून घ्यायचे. वजन वाढवायला लोक काय काय करत! पोत्याच्या मधोमध दगड, ओंजळभर वाळू, एकदा तर जुना बूट. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पाणी. लोकरीवर रात्रभर पाण्याचा हबका मारून ठेवायचा. बायके कोपरापर्यंत हात पोत्यात घालायचे, मूठभर लोकर बाहेर काढून गालाला लावायचे आणि म्हणायचे, "ओली." ते म्हणाले की ओली. त्यावर अपील नव्हतं.

केंद्र बंद पडलं तेव्हा सामान भंगारात निघालं. बायकेंनी तिथून दोन गोष्टी घरी आणल्या. नमुने तोलायचा पितळी काटा, आणि पोत्यांना शिशाचं सील ठोकायचा चिमटा. त्यानंतर त्यांनी ही करड्या रंगाची, मागे सामानाला लांबलचक जागा असलेली गाडी घेतली आणि कोचकोर ते नारिन उतारू न्यायला लागले. गाडी त्यांच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. आता तिला तीस वर्षं झाली असतील.

काम बदललं, पण पोत्यात हात घालायची सवय गेली नाही. बाजारात नान घेतला की ते तळहातावर तोलून बघायचे. मुलीला मागणी घालायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या मामाला त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी तोच प्रश्न विचारला होता. त्यांची बायको कलिपा एजे, म्हणजे कलिपाताई, लोकर दाबून नमदे करतात, माझ्याबरोबरच. त्या म्हणायच्या, "माझ्या म्हाताऱ्याने लग्नाच्या दिवशी माझी ओढणी वर करून बघितलं, आत मीच आहे का दुसरी कुणी बसवलीय!"

खडीच्या ढिगाच्या दुसऱ्याच दिवशी गाडी शायलोबेककडे गेली. बाजाराच्या मागे त्याचं गॅरेज आहे. तिशी-पस्तिशीचा, कमी बोलणारा पोरगा, पण हात चांगला. त्या दिवशी कलिपा एजेंनी माझ्याबरोबर बायकेंना जेवण पाठवलं होतं, कारण ते गाडी सोडून घरी यायला तयार नव्हते. गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून ते शायलोबेकच्या हातांकडे बघत होते.

"बायके, चाकं चारही बघितली," शायलोबेक म्हणाला. "पॅड बरे आहेत. पाइप कुठे गळत नाहीत. मास्टर सिलिंडरचं रबर जरा जुनं वाटतंय, ते बदलतो."

"जुनं काढशील ते माझ्या हातात द्यायचं."

"देतो."

"आणि नवीन बसवायच्या आधी मला दाखवायचं."

"दाखवतो." मग त्याने सहज विचारलं, "उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये तर नाही ना सोडत? पेट्रोल वाचवायला?"

"मी काय काल गाडी शिकलो?" बायके म्हणाले.

शायलोबेकने पुढे विचारलं नाही. सगळं जोडून झाल्यावर तो फळीवरची ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली काढायला गेला, तसे बायके उठून उभे राहिले.

"ते नको. माझं मी आणलंय."

पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. वसंतात बालिकचीला गेले असताना त्यांनी ओळखीच्या माणसाकडून पिंपातलं ब्रेक ऑइल सुटं आणलं होतं. घरी ते लोणच्याच्या तीन लिटरच्या काचेच्या बरणीत भरून, तोंडाला फडकं बांधून स्वयंपाकघरात फळीवर ठेवलं होतं आणि तेव्हापासून गाडीत तेच घालत होते.

"सुटं कशाला, बायके? सीलबंद घ्यावं," शायलोबेक म्हणाला.

"सील मी बावीस वर्षं ठोकलीत. सील कसं फोडून परत ठोकतात, ते मला नको शिकवूस. बंद बाटलीत काय भरलंय ते कुणाला दिसतं? माझं काचेतून दिसतं. बघ, कसं स्वच्छ आहे."

खरंच स्वच्छ होतं, फिक्या मधासारखं. शायलोबेकने खांदे उडवले आणि तेच भरलं.

पंधरा दिवस गाडी नीट चालली. सोळाव्या दिवशी पुन्हा डोलोनच्या उतारावर पाय तळाला गेला. त्या वेळी मी नव्हते. बायकेंनी गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. उजवा आरसा गेला. आणि अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा घट्ट!

आता त्यांना शायलोबेकचाच संशय आला. नवीन रबर दाखवलं आणि जुनंच बसवलं असणार. पण बायकेंनी त्या नव्या रबरावर, शायलोबेक पाना शोधत असताना, नखाने बारीक खूण केली होती. सिलिंडर पुन्हा उघडायला लावला. खूण जागच्या जागी होती. शायलोबेकने ती पाहिली. त्याच्या ते लक्षात आलं.

"तुम्ही खूण केली होती," तो म्हणाला.

"केली होती."

"मग आता?"

"आता तू नाहीस," बायके म्हणाले. त्यांना वाटलं आपण त्याचा मान राखला. शायलोबेकने हात पुसले आणि त्या दिवसापासून तो त्यांना चहा विचारेनासा झाला.

शायलोबेक नाही, तर मग कोण? नारिनच्या रस्त्यावर आमच्याकडून दोघांच्याच गाड्या नेमाने जातात. एक बायकेंची, दुसरी बाल्ताबायची. बाल्ताबाय माझ्या वर्गातला. जाडा, मोठ्याने हसणारा, पांढऱ्या शुभ्र नव्या गाडीचा मालक. बायकेंनी आठवून काढलं की दोन्ही वेळा, गाडी बिघडायच्या आधी, बाल्ताबाय स्टँडवर त्यांच्या बॉनेटला हात टेकून उभा होता.

त्यांनी बॉनेटला कडी जोडून घेतली आणि कुलूप लावलं. रोज सकाळी कुलूप काढायचं, डबीचं झाकण उघडायचं, तेल बघायचं, वास घ्यायचा, बोटाने चाखल्यासारखं करायचं, झाकण लावायचं, पुन्हा कुलूप. स्टँडवर पोहोचल्यावर पुन्हा तेच. डबीवर सासरी गेलेल्या मुलीच्या नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. तेल रेघेच्या केसभर खाली दिसलं तरी बरणीतलं तेल टाकून ते रेघेला आणायचे.

एका सकाळी बाल्ताबाय सवयीने जवळ आला.

"काय सोरोनकुल बायके, इंजिन पळून जाईल म्हणून कुलूप?"

"इंजिन नाही पळत. माणसं येतात."

"कुठली माणसं?"

"ज्यांना दोन गाड्यांच्या जागी एकच गाडी चाललेली हवी आहे, ती."

बाल्ताबायचं हसू हळूहळू उतरलं. आजूबाजूचे उतारू ऐकत होते. "बायके, तुम्ही मला म्हणताय? तुमच्या गाडीत लोक बसतात. माझी मावशी बसते. मी ब्रेकला हात लावीन?"

"मी कुणाचं नाव घेतलं?"

"घ्या ना मग! घ्या नाव! सगळ्यांसमोर घ्या!"

बायकेंनी नाव घेतलं नाही, पण तोंडही फिरवलं नाही. सगळे उतारू बाल्ताबायच्या गाडीत जाऊन बसले. एकटी मीच बायकेंकडे राहिले. आणि खरं सांगायचं तर बसल्या बसल्या मीसुद्धा काचेतून बाल्ताबायच्या हातांकडे बघत होते. त्याची बोटं काळी आहेत का, नखांत ग्रीस आहे का? एकदा कुणी बोट दाखवलं की आपणही बघायला लागतो. आम्ही चौथीत असताना त्याने माझी पाटी फोडली होती आणि कबूल केलं नव्हतं, तेही मला त्या दिवशी आठवलं.

त्या आठवड्यात आणखी एक झालं. बायकेंनी बरणीवरही पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. शनिवारी बघतात तर तेल रेघेच्या वर! कमी नाही, वर. त्यांनी बरणी खाली उतरवली आणि पितळी काट्यात ठेवली. शेवटचं तेल काढल्यावर झालेलं वजन त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. आता बरणी अडतीस ग्रॅमने जड भरली.

घरात फक्त कलिपा एजे होत्या.

मी तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात होते. नमद्यासाठी लोकर रंगवायचं काम चाललं होतं. दोन मोठ्या कढया उकळत होत्या, खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं, वाफेत एकमेकींचे चेहरे नीट दिसत नव्हते.

"म्हातारे," बायके दारातूनच म्हणाले, "या बरणीत काय घातलंस?"

"कुठल्या?"

"माझ्या. अडतीस ग्रॅम वाढलंय. तेल आपोआप वाढत नाही. यात कुणीतरी पाणी घातलंय."

कलिपा एजेंनी काठी कढईत सोडून दिली. "आणि ते कुणीतरी म्हणजे मी?"

"मी तसं म्हटलं नाही. घरात दुसरं कोण येतं, एवढंच विचारतोय."

"बुरूल येते. तिने घातलं असेल. नाहीतर मांजराने. चाळीस वर्षं तुझ्या चहात मी काय घालते ते विचारलंस का कधी? तोल की तोही!"

"मी चेष्टा करत नाहीये. त्या गाडीत माणसं मरतील."

"मग मीच मारणार आहे तुला, असं म्हण ना सरळ." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "विधवा होऊन मला काय मिळणार आहे, म्हाताऱ्या? ही मोडकी गाडी?"

त्यांनी ओली लोकर पिळली, टोपलीत भरली आणि मला म्हणाल्या, "चल, राहिलेलं काम तुझ्याकडे करू." त्या रात्री त्या माझ्याकडेच झोपल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या नाहीत. भिंतीपलीकडे बायके एकटे भांडी वाजवत होते. कलिपा एजे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "मीठ सापडत नाहीये त्याला. डाव्या हाताला आहे." पण जाऊन द्यायच्या नाहीत.

गावात मात्र बातमी पसरली. कुणी म्हणे, कलिपाने पाणी घातलं. कुणी म्हणे, बाल्ताबायने तिला पढवलं. माझ्या दाराशी उभं राहून विचारायला दोन बायका आल्या, हातात रिकामी वाटी घेऊन, साखर मागायच्या निमित्ताने.

बायकेंनी आता शेवटचा उपाय केला. उरलेलं तेल त्याच बरणीत, तसंच फडकं बांधून, जाळीच्या कपाटात ठेवलं. आधी वजन केलं. कपाटाला कुलूप, कुलपाच्या कडीतून तार, तारेवर शिशाचं सील. किल्ली गळ्यात. गाडी अंगणात उभी. आठ दिवस ते कुठेही गेले नाहीत. त्याच खोलीत स्वतःसाठी मांस उकडायचे, चहा करायचे, कपाटासमोर बसून प्यायचे. पाऊस लागला होता. कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवत होते.

नवव्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात आले. कलिपा एजेंकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बुरूल, जरा ये. मला साक्षीदार पाहिजे."

"कलिपा एजे चालतील?"

"तिला यायचं असेल तर तिची मर्जी."

आम्ही दोघी गेलो. त्यांनी मला सील हातात धरून बघायला लावलं. शिसं अखंड होतं, चिमट्याचा ठसा स्पष्ट. तार कुठे वाकलेली नव्हती. मग त्यांनी सील तोडलं, कुलूप काढलं, बरणी काट्यात ठेवली आणि वजनं टाकायला लागले. कॅलेंडरवरचा आकडा जुळला. काटा मात्र अजून बरणीकडेच झुकलेला. एक ग्रॅम टाकला. दोन. पाच. अकरा ग्रॅमवर काटा सरळ झाला.

 बायके काट्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे काट्यावर संशय घेणार. त्यांनी तसं केलंही. वजनं उलटसुलट करून पुन्हा तोललं. अकराच.

मग ते सावकाश वळले. कोपऱ्यात कलिपा एजेंची कोरडी पांढरी लोकर पडली होती. त्यातून त्यांनी मूठभर उचलली, गालाला लावली आणि तशीच धरून राहिले.

"काय झालं?" कलिपा एजेंनी विचारलं. इतक्या दिवसांनी त्यांनी नवऱ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"हवेतून घेतं," बायके म्हणाले. "लोकरीसारखं. कुणी ओतलं नाही. ते स्वतःच हवेतली ओल ओढून घेतंय. इथे तर रोज वाफ." ते स्टुलावर बसले. "लोकर चार दिवस पावसात छपराखाली ठेवली, थेंबही लागू दिला नाही, तरी जड होते. मला हे माहीत होतं. केंद्रावर पहिल्या वर्षीच शिकवलं होतं आम्हाला."

"माहीत होतं, तर..."

"ओमुरझाक," ते म्हणाले.

ओमुरझाक कोण हे मला माहीत नव्हतं. कलिपा एजेंना होतं. त्यांनीच मला नंतर सांगितलं. सोन-कुलच्या कुरणांवरचा मेंढपाळ. एका पावसाळी हंगामात त्याची सगळी लोकर बायकेंनी 'मुद्दाम भिजवलेली' ठरवली होती. तो शपथा घेत होता की छपराखाली होती, पाणी लागलेलं नाही. बायकेंनी ऐकलं नाही. बैठकीत सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं, त्याच्याकडचा कळप काढून घेतला आणि दोन वर्षं त्याला गवत कापायच्या टोळीवर घातलं.

त्या संध्याकाळी कलिपा एजे आपल्या घरी राहिल्या. बायकेंनी माफी मागितली का, मला माहीत नाही. भिंतीतून फक्त एवढं ऐकू आलं, "मीठ डाव्या हाताला असतं, आंधळ्या."

सकाळी बायके बरणी घेऊन शायलोबेककडे गेले. मीही गेले. पुढच्या शुक्रवारी मला याच गाडीत बसायचं होतं, आणि आता संशय माझ्यातही शिरला होता. शायलोबेकने वाळू भरलेल्या तव्यावर दोन छोट्या डब्या ठेवल्या. एकीत बरणीतलं तेल, दुसरीत सीलबंद बाटलीतलं. खाली शेगडी. बरणीतलं तेल थोड्याच वेळात बुडबुडायला लागलं. दुसरं शांत होतं.

"हे बघा," तो म्हणाला. "तेल दाबलं जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. तेलात पाणी शिरलं आणि उतारावर चाक तापलं की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पाय तळाला जातो. गार झालं की वाफ जिरते, ब्रेक परत घट्ट. दर वेळी मी सगळं साफ करत होतो आणि दर वेळी तुम्ही तेच तेल भरायला लावत होता. वर रोज झाकण उघडायचं! हवा खायला घालत होता तुम्ही त्याला."

बायके खाली बघत होते. "तुझ्या लक्षात नाही आलं?"

"मी सीलबंद घ्या म्हटलं होतं. तुम्ही मला सील शिकवलंत." त्याने शेगडी बंद केली. "पण गिअरमध्ये उतरलं तर चाकं इतकी तापत नाहीत. मी तुम्हाला एक विचारलं होतं."

बायकेंनी बरणीच्या तोंडाला फडकं पुन्हा बांधलं. 

"खिंडीच्या माथ्यावरून खाली ओत्तुक गावापर्यंत," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"न्यूट्रल. माथ्यावरून ओत्तुकपर्यंत न्यूट्रलमध्येच सोडायचो. सगळीकडे ब्रेकवरच."

शायलोबेकने पाना टेबलावर आपटला. "मी विचारलं होतं तुम्हाला! तोंडावर खोटं बोललात! माझ्या रबरावर नखाने खुणा करता, आणि स्वतः?"

"हो," बायके म्हणाले.  मी त्यांना इतक्या लहान आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

शायलोबेकने सगळं जुनं तेल काढून टाकलं, पाइप धुऊन घेतले, तापून काचेसारखे झालेले पॅड बदलले, सीलबंद बाटली बायकेंच्या समोर फोडली. काम संपल्यावर त्याने किटली उचलली, दोन पेल्यांत चहा ओतला, जरा थांबला आणि तिसऱ्यातही ओतला.

बाल्ताबायशी समेट करणं अवघड गेलं. बायके स्टँडवर गेले आणि म्हणाले, "तू नव्हतास."

"मला माहीत आहे मी नव्हतो!" बाल्ताबाय म्हणाला. "हे मला काय सांगता? त्यांना सांगा!" तेव्हा बायकेंनी स्टँडवरच्या प्रत्येक माणसाजवळ जाऊन, चहावालीजवळसुद्धा, सांगितलं की बाल्ताबाय नव्हता. इतकं सांगितलं की ज्यांना काहीच माहीत नव्हतं, तेही विचारायला लागले, बाल्ताबायने काय नव्हतं केलं?

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी मला विचारलं, "सोन-कुलच्या खालच्या गावात माझ्याबरोबर येतेस का?" कलिपा एजे पुढे बसल्या, मी मागे. ओमुरझाक जिवंत होता. पाठ वाकलेली, कान मंद, पण डोळे चुणचुणीत. त्याच्या सुनेने बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणि साय पुढे ठेवली. बायकेंनी कशालाही हात लावला नाही.

"ओमुरझाक, त्या वर्षीची लोकर," ते मोठ्याने म्हणाले. "तू भिजवली नव्हतीस. पावसाची हवा होती. मी तुला चोर म्हटलं. ते चुकलं."

ओमुरझाक आधी समजला नाही. सुनेने कानात सांगितलं. मग तो बायकेंकडे बघत राहिला, आणि मग खांदे हलवत हसायला लागला.

"भिजवली होती रे!" तो म्हणाला. "ओढ्यावर नेऊन भिजवली होती, दोन बादल्या! तू पकडलंस. चांगला मापाडी होतास. खा, बोरसोक खा."

 बायकेंनी एक बोरसोक उचलला आणि तळहातावर घेऊन बसले.

 परतीच्या उतारावर त्यांनी दुसरा गिअर टाकला होता. दोन वेळा थांबून, उतरून, चाकाजवळ हात नेऊन पाहिलं. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा उतरले नाहीत.

"खरं बोलला का तो?" त्यांनी विचारलं. "का मला बरं वाटावं म्हणून?"

"त्याला विचारायचं होतंस," कलिपा एजे म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं. बुरूल, तू त्याच्या सुनेचं तोंड बघितलंस का? तो म्हणाला तेव्हा ती हसली का?"

मी बघितलं नव्हतं. तसं मी सांगितलं.

"दोन बादल्या," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढ्या पोत्यांना दोन बादल्या पुरणार नाहीत."

मागून एक ट्रक हॉर्न देत होता. कलिपा एजेंनी खिडकी खाली केली, त्याला हाताने पुढे जा म्हणून खुणावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चल आता. पाय ठेव आणि बघ, ब्रेक लागतो का ते."

बायकेंनी पाय ठेवला. ब्रेक लागला. त्यांनी तो सोडला, आणि आम्ही खाली कोचकोरकडे निघालो.